विहिरीचं पाणी, नववीचा वर्ग आणि पालकांना जाणारा शनिवारचा निरोप : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातलं एक मोठं गाव आणि तिथलं मराठी माध्यमाचं अनुदानित हायस्कूल. गावाचं, शाळेचं, माणसांचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेला सगळं गाव ‘बाई’ म्हणतं, म्हणून इथेही बाईच म्हणतो. मी त्या शाळेत शिकवत नाही. तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या गटात आम्ही बरोबर काम करतो. मुलांच्या नोंदवह्या आणि बाईंचे निरोप मी त्यांच्या परवानगीने पाहिले, आणि पुढे ज्या बैठकीचा उल्लेख येतो तिला हजर होतो.

त्या वर्षापर्यंत पालकांना विज्ञानाबद्दल दोनच गोष्टी कळायच्या : घटक चाचणीचे गुण आणि सहामाहीचा निकाल. पालकसभेला येणाऱ्यांत बहुतेक आया असत. त्या सही करायच्या, “पोरगं अभ्यास करतंय का?” एवढं विचारायच्या आणि रानातलं काम खोळंबलेलं असायचं म्हणून लगेच निघायच्या. प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा तयार तक्ता, अशीच घरोघरी समजूत. त्यात पालकांची चूक नव्हती. शाळेने वर्षानुवर्षं तेच मागितलं होतं.

बाईंनी जूनपासून दर शनिवारी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप टाकायला सुरुवात केली. आधी लिहून पाठवला, पण तो वाचलाच जात नाही हे लवकरच लक्षात आलं. फोन वडिलांच्या खिशात, वडील कारखान्यावर किंवा रानात, आणि गटावर दिवसभर शुभ सकाळ आणि वाढदिवस. मग त्यांनी स्वतःच्या आवाजात दोन मिनिटांचा निरोप बोलून पाठवायला घेतला. संध्याकाळी स्वयंपाकघरात फोन ठेवून तो अख्ख्या घराने ऐकावा, असा हिशेब. निरोपात आठवड्यात वर्गात काय झालं, कोणता प्रयोग मुलांनी स्वतः केला, प्रकल्पाचे गट कुठवर आले हे यायचं, आणि शेवटी घरी मुलाला विचारायचा एक प्रश्न असायचा. आम्ल-आम्लारींचा धडा सुरू होता त्या आठवड्यातला प्रश्न मला फार आवडला : “हळदीचा डाग साबण लागल्यावर लाल का होतो, ते आज पोराला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर सोमवारी मला सांगा, मी पुन्हा शिकवते.”

मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकायचे नाहीत आणि कुणाचं मूल पुढे, कुणाचं मागे हे गटावर सांगायचं नाही, हे दोन नियम त्यांनी स्वतःला पहिल्यापासून घालून घेतले होते.

प्रकल्प काय होता

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद देशात १९९३ पासून भरते. १० ते १७ वयाच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा, स्वतः मोजमाप करायचं, नोंदवही ठेवायची आणि अहवाल मांडायचा, असं तिचं स्वरूप आहे. नववीतल्या दोन मुलींनी त्यासाठी गावातल्या पिण्याच्या विहिरी आणि हातपंप घेतले. पाण्याचे नमुने आणायला आणि नोंदी करायला वर्गातली बाकीची मुलंही हाताशी होती.

साधनं गावातच होती. घरोघरी नळाचं पाणी पोचवायच्या जलजीवन मिशन योजनेत गावोगावी पाणी तपासायचं फील्ड टेस्ट किट मिळालेलं आहे आणि ते वापरायला प्रत्येक गावातल्या पाच महिलांना शिकवायचं असं त्या योजनेत आहे. इथलं किट पंचायतीच्या कपाटात होतं. प्रशिक्षण घेतलेल्या महिलांपैकी एक नववीतल्याच मुलाची आई. तिने मुलींना किट कसं वापरायचं ते दाखवलं. या प्रकरणातली सगळ्यात भक्कम गोष्ट मला हीच वाटते, आणि बाईंनी ती त्या शनिवारच्या निरोपात आवर्जून सांगितली होती.

मुलींनी सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट आणि उर्वरित क्लोरीन (जंतुनाशक टाकल्यावर पाण्यात उरलेला) तपासलं. जिवाणूंसाठी एच टू एसची बाटली वापरली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असण्याचा दाट संशय.

अडचण

देवळामागच्या सार्वजनिक विहिरीची बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडली. वरच्या वस्तीवरच्या विहिरीत वेगळंच निघालं : नायट्रेटच्या चाचणीचा रंग इतका गडद गुलाबी आला की रंगपट्टीवर तो ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या बराच पुढे बसत होता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५ आहे. कठीणपणा किंवा विरघळलेल्या क्षारांच्या बाबतीत दुसरा स्रोत नसेल तर मानक थोडी सूट देतं, नायट्रेटला मात्र अजिबात सूट नाही. याशिवाय एका हातपंपाला फ्लोराइड जास्त दिसत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी वर्गातल्या एका मुलाने काळ्या बाटलीचा फोटो आपल्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, “आपल्या गावचं पाणी”. रात्रीपर्यंत तो फोटो गावातल्या निम्म्या फोनवर पोचला. ग्रामपंचायतीचे एक सदस्य, तेही नववीतल्या मुलीचे वडील, मुख्याध्यापकांना फोन करून म्हणाले, “सर, पोरांना शिकवायचं सोडून गावाची बदनामी चाललीय काय? आणि सिलॅबस कधी संपणार?” गटावर पालकांचे प्रश्न सुरू झाले. कोणती विहीर? आम्ही तेच पाणी पितोय का? कुणीतरी लिहिलं की पाण्यात विष आहे.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट पुढे आली आणि माझ्या मते तीच सगळ्यात तातडीची होती. नायट्रेटवाल्या विहिरीचं पाणी ज्या वस्तीला जातं तिथे वर्गातल्या एका मुलाच्या वहिनीचं बाळ पाच महिन्यांचं होतं. अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून पावडरचं दूध सुरू होतं आणि ते याच पाण्यात कालवलं जात होतं. नायट्रेटचा धोका मोठ्या माणसाला लगेच जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र नायट्रेटचं नायट्राइट होतं. त्याने रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असं रूप होतं की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, आणि बाळ निळसर पडू लागतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. निरोप जायचा होता.

कोणते पर्याय होते

मुख्याध्यापकांचं पहिलं मत होतं की प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत काहीच बोलू नये. त्यात तथ्य होतं. किटवर रंग डोळ्याने जुळवायचा असतो, त्यातून अंदाज कळतो, नेमका आकडा कळत नाही. चौदा वर्षांच्या मुलींनी किटवर घेतलेल्या वाचनावर गाव हलवायचं का, हा प्रश्न रास्तच होता. पण अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागणार आणि बाळ तर रोज दूध पीत होतं.

दुसरा मार्ग सगळे निकाल, विहिरींच्या नावांसकट, गटावर टाकण्याचा. लपवाछपवीचा आरोप त्याने टळला असता. पण कच्चा निकाल पक्का म्हणून फिरला असता, आणि ज्यांच्या रानात ती विहीर आहे त्यांच्याकडे गावाने बोट दाखवलं असतं. गावात कोणती विहीर कोणत्या वस्तीची हे सगळ्यांना ठाऊक असतं. विहिरीचं नाव घेतलं की वस्तीचं नाव झालं, आणि वस्तीचं नाव म्हणजे बऱ्याचदा जातीचंही.

तिसरा पर्याय एका सहकाऱ्याने सुचवला : या आठवड्याच्या निरोपात पाण्याचा विषयच काढू नका, फक्त वर्गातल्या धड्याचं सांगा. बाईंनी तो तिथल्या तिथे नाकारला आणि ते बरोबरच केलं. जूनपासून ज्या निरोपावर पालकांचा विश्वास बसत आला होता तो ऐन वेळी गप्प राहिला असता, तर पुढे त्याला कुणी विचारलं नसतं.

बाईंनी शेवटी माहितीची वाटणी केली. ज्याला धोका आहे त्याला आज, घरी जाऊन सांगायचं. ज्याच्या हातात उपाय आहे त्याला आज, फोनवर सांगायचं. बाकी सगळ्यांना शनिवारच्या निरोपात काय केलं, काय दिसलं आणि काय अजून पक्कं नाही ते सांगायचं, विहिरीचं नाव न घेता.

काय केलं

शुक्रवारी रात्रीच बाई आणि मुख्याध्यापक सर वस्तीवर गेले. बाळाच्या आजीला बाईंनी एवढंच सांगितलं : “आजी, पोरींना या पाण्यात खताचा अंश जास्त दिसलाय. खात्री व्हायचीय. पण तोवर बाळाच्या दुधाला हे पाणी घेऊ नका, नळयोजनेचं आणा. आणि उद्या आशाताईंना बाळ दाखवा.” आजीने विचारलं, “आमी आयुष्यभर हेच प्यालो की.” बाई म्हणाल्या, “तुम्हाला काही झालं नाही हे खरंय. बाळाचं रक्त वेगळं असतं.” यावर वाद झाला नाही. नळयोजनेचं पाणी त्याच रात्री आलं आणि दुसऱ्या दिवशी आशाताई बाळाला बघून गेल्या. बाळ ठीक होतं.

त्याच रात्री सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि गावचा पाणीपुरवठा बघणाऱ्या जलसुरक्षकाला फोन झाले. देवळामागच्या विहिरीत जलसुरक्षकाने दुसऱ्या दिवशी सकाळीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं.

शनिवारच्या निरोपाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इतर शिक्षकांच्या उपयोगाचं सगळ्यात जास्त तिथेच आहे. प्रकल्पाबद्दल जे बाहेर जाईल ते आधी त्या गटाच्या मुलांना वाचून दाखवायचं, असा बाईंचा जुना शिरस्ता. त्यांनी मसुदा लिहिला होता : “काळजीचं कारण नाही, सध्या सर्वांनी पाणी उकळून प्यावं.” दोघींपैकी धाकट्या चणीची मुलगी नोंदवही उघडून उभी राहिली. “बाई, नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाढतं. आपण लिहिलंय इथं.” आणि तिने पान पुढे केलं. जिवाणूंवर उकळणं हा उपाय आहे, नायट्रेटवर नाही. एका वाक्यात दोन विहिरींचे दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले होते. ते वाक्य तसंच गेलं असतं तर वस्तीवरच्या एखाद्या आईने ते पाणी मन लावून उकळलं असतं आणि तेच बाळाला पाजलं असतं.

शेवटी गेलेला निरोप असा होता. बाईंच्या परवानगीने देतो :

“नमस्कार. या आठवड्यात आपल्या मुलींनी गावातलं पिण्याचं पाणी किटने तपासलं. एका ठिकाणी जिवाणूंचा संशय आहे, एका ठिकाणी नायट्रेट जास्त दिसतंय, एका ठिकाणी फ्लोराइड. किटवरून अंदाज कळतो, पक्कं प्रयोगशाळाच सांगेल. नमुने सोमवारी जातील. ज्या घरांना आज काही बदल करायचाय त्यांना आम्ही घरी जाऊन सांगितलंय. तुमच्याकडे आम्ही आलो नसलो तर तुमच्या पाण्यात आम्हाला काही आढळलेलं नाही, किंवा ते आम्ही अजून तपासलेलं नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि वरचं दूध सुरू असेल, तर विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका. उकळून नायट्रेट जात नाही. सोमवारी चार वाजता शाळेत या, मुली तुमच्यासमोर तपासून दाखवतील. येताना आपल्या घरचं पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन या.”

“किंवा ते आम्ही अजून तपासलेलं नाही” हे वाक्य मोठ्या मुलीने घालायला लावलं. माझ्या दृष्टीने अख्ख्या निरोपात शास्त्रीय वृत्तीचं सगळ्यात चांगलं वाक्य तेच.

सोमवारी नेहमीच्या पालकसभेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आली, आणि बापेही आले. आक्षेप घेणारे पंचायत सदस्य स्वतःच्या बोअरचं पाणी घेऊन आले होते. मुलींनी आधी नळयोजनेचं पाणी तपासलं, म्हणजे कमी नायट्रेटचा रंग कसा दिसतो ते सगळ्यांना कळावं. मग वस्तीवरच्या विहिरीचं, मग सदस्यांचं. त्यांच्या पाण्याचा रंग फिका आला. रंगपट्टीशी तो जुळवायला मुलीने त्यांच्याच हातात नळी दिली. “खिडकीकडं तोंड करून बघा काका,” ती म्हणाली. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “मग हे पाण्यात येतं कुठनं?” बैठक खरी तिथे सुरू झाली.

मुलींनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. उसाला टाकलेला युरिया मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाटाने भरपूर पाणी सोडलं की पिकाने न घेतलेलं नायट्रेट त्याच्याबरोबर खाली उतरतं आणि विहिरीत येतं. त्यात या विहिरीच्या वरच्या अंगाला गोठा आणि उकिरडा. एका शेतकऱ्याने सांगितलं की तो युरियाची मात्रा दुकानदाराच्या सांगण्यावरून ठरवतो, मातीपरीक्षण कधी केलेलं नाही. एवढं मोकळं बोलणं मी गावच्या कृषी मेळाव्यातही ऐकलेलं नाही.

अभ्यासक्रमाच्या प्रश्नाला बाईंनी तिथेच उत्तर दिलं. नववीचं पुस्तक उघडून दाखवलं : सामू आला तो आम्ल, आम्लारी व क्षारमध्ये, काळी बाटली उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीवांत, नायट्रेट परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहात. कोणता धडा कोणत्या आठवड्यात झाला हे जूनपासूनच्या निरोपांत होतंच, ते त्यांनी फोनवर ऐकवलं. सिलॅबसवर पुन्हा कुणी बोललं नाही.

परिणाम

नमुने ग्रामपंचायतीमार्फत, पंचायतीच्या पत्रासह प्रयोगशाळेत गेले. शाळेच्या नावाने गेले असते तर अहवाल कुणाचा आणि कारवाई कुणी करायची यावर वेळ गेला असता. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून दोन दिवसांच्या आत पोचवावा लागतो, जिवाणूंचा निर्जंतुक बाटलीत बर्फावर आणि त्याहून लवकर. जलसुरक्षकाला हे माहीत होतं. शाळेतल्या कुणाला नव्हतं.

अहवालात नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. पंचायतीने ती विहीर पिण्यासाठी बंद केली आणि तसा फलक लावला. वापरायला ती सुरू आहे. देवळामागच्या विहिरीत टीसीएलनंतर ओटी चाचणीला (ती उर्वरित क्लोरीन दाखवते) पिवळा रंग आला आणि पुन्हा लावलेली बाटली स्वच्छ राहिली. फ्लोराइडचा संशय मात्र खोटा ठरला, हातपंपाचं पाणी मर्यादेत होतं. मुलींनी शोध घेतला. ते वाचन त्यांनी सांजवेळी, अंधुक उजेडात घेतलं होतं आणि ते रसायन मुदत संपायला आलेलं होतं. यातलं नेमकं कोणतं कारण, हे सांगता येत नाही, असं त्यांनी अहवालात लिहिलं. पुढच्या शनिवारच्या निरोपात ही गोष्ट सगळ्यात आधी होती : फ्लोराइडचं आमचं वाचन बरोबर नव्हतं, त्या हातपंपाचं पाणी ठीक आहे.

जिल्हा पातळीवर प्रकल्पाचं कौतुक झालं, राज्यासाठी निवड झाली नाही. परीक्षकांनी विचारलं की एकाच मोसमातल्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढला. प्रश्न योग्य होता.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी उणीव नमुने घेण्याआधीची. वाईट निकाल आला तर पहिल्यांदा कुणाला सांगायचं, हे कुठे ठरलेलंच नव्हतं. पिण्याचं पाणी, हवा, अन्नातली भेसळ, शेजाऱ्यांच्या तब्येतीची माहिती असे विषय घेतले की हा प्रश्न कधी ना कधी येणारच. तो प्रकल्पाच्या आराखड्यातच लिहायला हवा. पंचायतीचं किट वापरलं, पण तपासणी होणार हे सदस्यांना आधी कळवलेलं नव्हतं. ते कळवलं असतं तर शुक्रवारचा तो फोन कदाचित आलाच नसता.

स्टेटसच्या फोटोबद्दल बाईंनी त्या मुलाला वर्गात बोल लावला नाही. त्याला पुढच्या नमुन्यांच्या नोंदींवर बसवलं. मला हे पटतं. पण निकाल जुळून येईपर्यंत फोटो बाहेर जाणार नाहीत, ही गोष्ट पहिल्या दिवशी मुलांशी बोलून ठरवायला हवी होती.

निरोपाच्या बाबतीत एक प्रश्न अजून सुटलेला नाही. ज्यांच्या घरी स्मार्टफोनच नाही अशी काही घरं वर्गात आहेत, त्यातली ऊसतोड कामगारांची मुलं तर हंगामापुरतीच असतात. त्या शनिवारी त्यांना शेजाऱ्यांकडून ऐकावं लागलं, आणि शेजाऱ्याकडून येणारी गोष्ट ‘पाण्यात विष’ अशी येते. आता बाई निरोपाचा कागद मुलांबरोबर घरी देतात आणि मुलाने तो घरी मोठ्याने वाचायचा असतो.

एका मुद्द्यावर माझं आणि बाईंचं एकमत नाही. पहिल्या शनिवारी विहिरीचं नाव न घेणं योग्यच होतं. पण प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरही शाळेच्या निरोपात नाव आलं नाही, ते पंचायतीच्या फलकावर सोडलं गेलं. बाईंचं म्हणणं, वस्तीवरच्या मुलांना वर्गात कुणी डिवचू नये. ही काळजी खरी आहे. माझं म्हणणं असं की फलक विहिरीवर आहे, आणि ज्या पालकांच्या मुली प्रकल्पात राबल्या त्यांना पूर्ण निकाल शाळेकडूनच ऐकायचा हक्क होता. वस्तीवरच्या कुटुंबांना आधी विचारून, त्यांच्या संमतीने नाव सांगता आलं असतं.

विहिरीच्या वरचा उकिरडा अजून हललेला नाही. गोठ्याच्या मालकाने होकार दिलाय, जागा मिळायचीय. यंदाच्या नववीने तीच विहीर घेतली आहे. या वेळी नमुने पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर असे घ्यायचे ठरलंय. जूनच्या पहिल्या पालकसभेत बाईंनी एक परवानगीपत्र वाटलं. निकाल आधी कुणाला, मग कुणाला, आणि गटावर कधी, हे त्यात क्रमाने लिहिलं आहे, आणि त्याखाली पालकांबरोबर सरपंचांचीही सही आहे.